समुद्रावरचं वाण

खांब, ता. रोहा
१९ मे २०२६

सौ. विहीणबाई वृंदाताई यांना रंभाचा नमस्कार.

तुमच्या शेजारच्या निलेशच्या हाती हे पत्र आणि एक डबा देते आहे. डबा आडवा करू नका. आत अनारसे आहेत, तेहेतीस. मोजत बसू नका, मी मोजलेत. नूतनच्या बाबांनी एक चोरून खाल्ला म्हणून मला परत एक तळावा लागला. तांदूळ घरचे आहेत, खसखस तेवढी विकतची. जाळी कशी पडली आहे ते झाकण काढून बघा आणि मला कळवा.

आता काम सांगते. धोंड्याचा महिना लागला. मागच्या अधिकात आमच्या सासूबाई गेल्या आणि सुतकात जावयाचं वाण राहून गेलं. म्हणजे लग्नानंतरचं पहिलं वाण अजून माझ्याकडून जायचंय. यंदा जावईबापूंना मी पाडव्यापासून सांगते आहे की या. तर म्हणतात, "मामी, या वर्षी राहू द्या." राहू द्या म्हणे! तीन वर्षांनी येणारा महिना कोणी राहू देतं का? नूतनला विचारलं तर ती उठून चुलीपाशी गेली. वर आणि निलेशकडून कळलं की तुमच्या मालकांच्या सत्तरीसाठी तुम्ही चौघं शनिवारी मोठ्या बोटीवर चाललात. बोटीवर जायला रजा मिळते, सासूकडे यायला मिळत नाही. मग मी म्हटलं, जावई येत नाही तर वाण बोटीवर जाईल.

ते तुम्ही द्यायचं, माझ्या वतीनं. स्वतःच्या मुलाला स्वतःच वाण द्यायचं हे उलटं आहे, मला कळतं. शेजारची सीताबाई म्हणालीच, "असं कुठं असतंय गो रंभे?" मी म्हटलं, "आता हाय." दोघांना शेजारी बसवा, कुंकू लावा, ताट जावईबापूंच्या हातात द्या आणि देताना माझं नाव घ्या. नूतनची ओटी भरा. खण डब्याखाली ठेवलाय.

फोन करू नका. मला धड ऐकू येत नाही आणि ओरडून तुमचा घसा बसतो. निलेशच्या कंपनीची बस पेणहून येताना आमच्या नाक्यावर थांबतेच. पत्रच लिहा, आणि सगळं लिहा. मी काही या जन्मी बोट बघणार नाही.

तुमची,
रंभा


पेण
२१ मे २०२६

प्रिय रंभाताई,

डबा सरळ आला, सरळच ठेवला आहे. जाळी इतकी सुरेख पडली आहे की यांनी डब्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी आता डबा कपाटात कुलपात ठेवलाय. आमच्या घरचा हा विष्णू नावाचा देव नैवेद्याची वाट बघणाऱ्यांतला नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

एक अडचण आहे. बोटीवर घरचं खाणं नेऊ देत नाहीत म्हणे. यांनी लगेच तोडगा काढला, डबा औषधांच्या पिशवीत घालायचा आणि कोणी विचारलं तर पथ्याचं खाणं म्हणून सांगायचं. तेहेतीस अनारशांचं पथ्य! अडतीस वर्षं मी शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं आणि आता हे. पण तुमचं वाण आहे, नेणारच.

आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम सुरू झालंय. दिवसभर कंप्रेसरची घरघर, गॅलरीत वाळत घातलेल्या साडीवर पांढरी भुकटी. कधी एकदा समुद्रावर जाऊन गप्प बसते असं झालंय. नूतननं माझ्यासाठी मोठ्या काठाची टोपी आणि गॉगल पाठवलाय. रंभाताई, खरं सांगू, पोटची मुलगी नाही याचं वाईट मला लग्नापर्यंत वाटायचं. नूतन आल्यापासून वाटत नाही.

परत आले की लिहिते.

तुमची,
वृंदा


पेण
२७ मे २०२६

प्रिय रंभाताई,

परवा परत आलो. अक्षर बघून हसू नका. अजून पायाखालची जमीन हलते आहे असं वाटतं. बोटीवरून आल्यावर दोन-चार दिवस असं होतं म्हणतात.

तुम्ही सगळं लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. बोट म्हणजे बोट नव्हेच, चालतं शहर आहे. आत लिफ्ट, दुकानं, थिएटर, वर गच्चीवर पोहण्याचा तलाव. समुद्राच्या मधोमध तलाव कशाला, असं यांनी तिथल्या माणसाला विचारलंसुद्धा. रविवारचा अख्खा दिवस बोट कुठंच थांबणार नव्हती. सकाळी उठून गॅलरीत गेले तर चारी बाजूंना नुसतं निळं पाणी. आपल्या धरमतरच्या खाडीचं गढूळ पाणी बघितलेली मी, असा रंग असतो हे मला ठाऊकच नव्हतं. कुठं किनारा नाही, डोंगर नाही, काही नाही. माझ्या मनात आलं, आज मला कोणी शोधू शकत नाही, हाक मारू शकत नाही, गॅसवर काही ठेवलेलं नाही.

नूतननं माझ्या तोंडाला कसलंसं क्रीम चोळलं, टोपी घातली आणि गच्चीवरच्या आरामखुर्चीत बसवलं. माझ्यासाठी नारळपाणी आणलं. आम्ही दोघी दोन तास काही न बोलता पडून होतो. हे आयुष्यात पहिल्यांदा हाफ पॅंट घालून फिरत होते आणि दर अर्ध्या तासानं काय नवीन खायला आलंय ते सांगायला येत होते. इतका निवांत दिवस मला मिळालाच नव्हता कधी. दुपारच्या जेवणापर्यंत मी इतकी सुखात होते की मला भीती वाटायला हवी होती.

दुपारी वाण झालं. आमच्या खोलीत. छान झालं. दोघं शेजारी बसली. पुष्करनं ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. तुमचं नाव घेतलं मी. नूतनची ओटी भरली. सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे, अगदी व्यवस्थित झालं. तुम्ही काळजी करू नका.

रात्री यांचा केक कापला. वाढप्यांनी गाणं म्हटलं.

आता जरा पडते. व्याह्यांना नमस्कार.

वृंदा


खांब
३ जून २०२६

वृंदाताई,

नूतन खोटं बोलते आहे ना? मला आधी एवढंच सांगा, मग बाकीचं वाचा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी अंगणात बसून सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. निळं पाणी, हाफ पॅंट, सगळं. वाणाचं तर दोनदा वाचलं. सीताबाई म्हणाली, "रंभेचं वाण दर्यावर पोचलं गो बाय." तीन वर्षांचं ओझं उतरलं माझं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

रविवारी नूतन आली. एकटीच, न सांगता. मी पडवीत गोणीतल्या वालाला राख लावत बसले होते. ती समोर उकिडवी बसली आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल." परत बोलली. परत नाही कळलं. तिसऱ्यांदा ती ओरडली, "आये, आमचं मोडलंय! कोर्टाचा कागद झालाय जानेवारीत!" माझ्या आधी ते सीताबाईला ऐकू गेलं. ती कुंपणापाशी उभी होती.

मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी विचारलं, जानेवारीत मोडलं तर गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या शेजारी बसून वाण कुणी घेतलं? ती म्हणाली, "कुणीच घेतलं नाय. ते झालंच नाय." मी आत गेले, देवाजवळ ठेवलेलं तुमचं पत्र आणलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे बघ. तुझ्या सासूच्या हातचं हाय. वाच."

तिनं वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा पांढरा पडत गेला, असा मी तिचा चेहरा कधी बघितला नाही. मग ती हसली, वृंदाताई. मला म्हणाली, "आये, ह्या कागदावर तुझा विश्वास हाय, माझ्यावर नाय?"

मी म्हटलं, "ती मास्तरीण हाय. ती कशाला खोटं लिहील? तूच काहीतरी करून आलीस आणि आता नवऱ्याला सोडायला बहाणे सांगतेस." आणि मी तिच्या तोंडात मारली. लहानपणीसुद्धा मी तिला मारलं नव्हतं. सीताबाई बघत होती.

ती पिशवी उचलून चालती झाली. पाणीसुद्धा प्यायली नाही. हे हायवेपर्यंत मागे पळाले, तोवर ती कुठल्यातरी गाडीत बसून गेली. फोन बंद आहे. निलेश गावाला गेला होता, म्हणून आजवर पत्र धाडता आलं नाही. तुमच्याकडे आली आहे का? असली तर तिला समजवा. आणि मला परत एकदा स्पष्ट लिहून पाठवा की वाण झालं. मला ते सीताबाईच्या तोंडावर वाचायचंय.

रंभा


पेण
४ जून २०२६

रंभाताई,

नूतन खोटं बोलत नाही. मी खोटं लिहिलं.

हे पहिलं वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. आता बाकीचं लिहिते. बसून वाचा.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी आमच्या खोलीत वाणाची मांडणी केली. पाट नव्हते, म्हणून पोहण्याच्या टॉवेलांच्या घड्या घालून आसनं केली. बोटीवर दिवा लावू देत नाहीत, तेव्हा यांनी मोबाइलचा उजेड लावून धरला. मला हसू येत होतं. म्हटलं, हे सगळं तुम्हाला लिहायचं. नूतनला बोलावलं. तिची खोली खालच्या मजल्यावर होती. पुष्कर घोरतो म्हणून वेगळी घेतली, असं तिनं मला सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, बापावर गेलाय. इतकी मी आंधळी. ताट बघून ती दारातच थांबली. मग येऊन टॉवेलावर बसली.

पुष्कर आला. त्यानं ताट पाहिलं, अनारसे पाहिले, आणि तो बसेना. नूतन हळूच म्हणाली, "घे रे. आईंसाठी घे." त्यानं हात जोडले. मला म्हणाला, "आई, हे नूतनच्या आईनं जावयासाठी केलंय. मी त्यांचा जावई नाही. जानेवारीपासून नाही."

मला वाटलं थट्टा आहे. मी म्हटलं, "बस गुपचूप, मुहूर्त टळेल." तो बसला नाही. आणि नूतन रडायला लागली तेव्हा मला कळलं. हे तसेच उभे, हातात तो मोबाइलचा उजेड धरून. त्यांनी फक्त "म्हणजे?" एवढंच विचारलं. वर गच्चीवर हाउजीचा खेळ चालू होता, त्याचे आकडे स्पीकरवरून आमच्या खोलीत येत होते. मी नूतनला म्हटलं, "सकाळी तू मला क्रीम लावलंस." ती म्हणाली, "हो आई. ते खरंच लावलं."

भांडण नाही, मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरं माणूस नाही. दोन वर्षं एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिले आणि मग दोघांनी मिळून अर्ज केला. बोटीचा बेत त्यासाठीच होता. समुद्रावर शांतपणे सांगू, असं त्यांना वाटलं होतं. रात्री केक कापून झाल्यावर सांगणार होते. तुमच्या वाणानं ते दुपारीच बाहेर काढलं.

आणि मग तिथून जायचं कुठं? बोट थांबत नाही, उतरता येत नाही. जो समुद्र सकाळी मला इतका आवडला होता, त्याच्याकडे मला बघवेना. रात्री आमच्या नावाचं चौघांचं टेबल राखून ठेवलेलं होतं. आम्ही चौघं जाऊन बसलो. वाढप्यांनी केक आणला, टाळ्या वाजवत गाणं म्हटलं. आम्हीही टाळ्या वाजवल्या, रंभाताई. पुष्करनं वडिलांना भरवलं, नूतननं भरवलं. यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि वाढपी म्हणाला, "साहेबांना फार आनंद झालाय."

उतरताना नूतननं माझ्याकडून एकच मागितलं. "आयेला मी स्वतः सांगते. मला एक आठवडा द्या, तोवर काही बोलू नका." मी कबूल केलं. तिनं मला गप्प बसायला सांगितलं होतं, खोटं लिहायला नव्हे. पण तुम्ही वाट बघत असाल, बायकांना सांगितलं असेल, अशा विचारानं मी लिहायला बसले, आणि वाणापाशी येऊन माझा हात थांबला. तिथं नुसतं "सविस्तर मागाहून" लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी ताट कपाळाला लावलं म्हणून लिहिलं. मला भीती वाटली, की हे कळलं की तुम्ही माझ्या कोणीच राहणार नाही. मुलगा आणि सून दूर झाली तर विहिणी कशाच्या? मला या गावात बोलायला माणसं पुष्कळ आहेत, पण लिहायला तुमच्याशिवाय कोणी नाही. एवढ्यासाठी मी तुमच्या मुलीला तुमच्यासमोर खोटी पाडली. पोरीनं धीर करून तोंड उघडायच्या आत मी तिच्याविरुद्ध साक्ष लिहून ठेवली होती.

ती माझ्याकडे आलेली नाही. कशाला येईल? पुष्करनं शोध काढला. नागोठण्याला तिची मैत्रीण प्रणिता राहते, तिच्याकडे आहे, बरी आहे. मी प्रणिताच्या फोनवर तिच्याशी बोलले. ती एकच वाक्य बोलली, "तुम्ही लिहिलेलं तुम्हीच खोडा," आणि फोन ठेवला.

खोडते आहे. सत्तावीस तारखेच्या पत्रातलं वाणाबद्दलचं प्रत्येक वाक्य खोटं आहे. पुष्करनं ताटाला हात लावला नाही. मी तुमचं नाव घेतलं नाही. ओटी भरली नाही. सीताबाईंना दाखवायला तुम्ही कागद मागितला होता, तो हा.

अनारसे तसेच आहेत. समुद्रात टाकवले नाहीत, खाववले नाहीत. त्यांचं काय करू ते सांगा. मला काय म्हणायचं ते म्हणा.

वृंदा


खांब
११ जून २०२६

वृंदाताई,

तुमचं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि पहिल्या ओळीला खाली बसले. पुढचं अक्षर दिसेना. ह्यांना म्हटलं, वाचा. ते वाचत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला सारखं वाटत होतं की हा माणूस काहीतरी भलतंच वाचतोय.

त्याच दुपारी आम्ही दोघं एसटीनं नागोठण्याला गेलो. प्रणितानं दार उघडलं. नूतन आत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तुमचं पत्र पुढे केलं तर तिनं हातात घेतलं नाही. म्हणाली, "तू वाचलंस ना? मग झालं." मी तिच्या गालावरून हात फिरवायला गेले, तिनं मान मागे घेतली. मला तिथंच मेल्यासारखं झालं.

मी सीताबाईला कुंपणावरूनच सांगितलं. पोरीचा घटस्फोट झालाय, वाण झालेलं नाय, माझी पोर खरी आणि मी खोटी. मला ऐकू येत नसल्यामुळे मी मोठ्यानं बोलते, तेव्हा निम्म्या गावाला एकदम कळलं. बरं झालं, परत परत सांगावं लागलं नाही. कोण काय म्हणालं ते मला ऐकू आलं नाही.

काल नूतन आपणहून आली. भात जेवली, अंघोळ केली, झोपली. अजून माझ्याशी धड बोलत नाही. मी विचारलं, "त्यानं ताट घेतलं असतं तर?" तर म्हणाली, "तर आये, तुला मी काय बी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तो खोटं वागला नाय, तेवढं तरी त्याचं मान." मानते. राग आहे, जाणार नाही, पण मानते. जो जावई नाही त्यानं माझं वाण घेतलं नाही.

तुमचं मात्र मला अजून कळत नाही. ज्या कागदासाठी मी पोरीच्या तोंडात मारली, तो तुम्ही मला गमवायला नको म्हणून लिहिलात. हे वाचून मला रडू आलं आणि लगेच तुमच्या तोंडात मारावीशी वाटली. दोन्ही खरं आहे. मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला स्वतःलाच अजून करता आलेलं नाही, तुमचा नंबर नंतर.

अनारसे टाकू नका, अन्न आहे. नासले नसतील तर गल्लीतल्या कारखान्यांत कारागिरांना चहाबरोबर वाटा.

विहीण म्हणून हे माझं शेवटचं पत्र. ते नातं आता राहिलं नाही. पुढे लिहावं की नाही, हे मला ठरवता येईना, म्हणून सकाळी नूतनला विचारलं. ती म्हणाली, "तुझं तू बघ." मग मी माझं बघितलं आणि हे लिहायला बसले.

उत्तर पाठवा. आलं की मी ते आधी नूतनला वाचायला देणार आहे.

रंभा